घोड्याच्या माथी मारलेली किंमत

घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणाऱ्यांच्या हातून कधी ना कधी एक यादी तयार होतेच: सर्वांत महाग पडलेल्या अपयशी घोड्यांची यादी. तिच्यातला पहिला क्रमांक आता जणू कायमचा ठरून गेला आहे. 28 फेब्रुवारी 2006 रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, कॉल्डर रेसकोर्सवर फेसिग-टिप्टन कंपनीने भरवलेल्या लिलावात दोन वर्षांच्या एका शिंगरावर 1 कोटी 60 लाख डॉलरला हातोडा पडला. तोवर जगातल्या कुठल्याही जाहीर लिलावात थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्याला, एवढी किंमत आली नव्हती. बार्बाडोसमधल्या एका गोल्फ मैदानावरून त्याचे नाव ‘द ग्रीन मंकी’ ठेवले गेले. हा घोडा आयुष्यात तीन शर्यती धावला. एकही जिंकला नाही. पहिल्याच शर्यतीत मिळालेला तिसरा क्रमांक ही त्याची सर्वोत्तम कामगिरी, आणि एकूण बक्षीस 10,440 डॉलर. किंमत आणि कमाई हे दोन आकडे शेजारी मांडायचे आणि घोड्याने अपेक्षाभंग केला असा निकाल द्यायचा, ही रीत गेली जवळजवळ दोन दशके चालू आहे. हा निकाल चुकीच्या आरोपीवर लादलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. जे फसले ते मूल्यमापन होते. ते माणसांनी केले, माणसांच्या हेतूंनी केले आणि माणसांनी बनवलेल्या पद्धतीने केले. त्याचा दोष जनावरावर ढकलल्यामुळे ती पद्धत आजवर जाब देण्यापासून सुटलेली आहे.

पहिला पुरावा त्या किमतीच्या इतिहासातच आहे. हेच शिंगरू जुलै 2005 मध्ये केंटकीतल्या लिलावात 4 लाख 25 हजार डॉलरला विकले गेले होते. घेणारे होते हार्टली आणि डी रेन्झो. एक वर्षाची शिंगरे घ्यायची, त्यांना स्वार आणि लगाम यांची सवय लावायची, धावायला शिकवायचे आणि पुढच्या हंगामात दोन वर्षांचे म्हणून विकायचे, हा त्यांचा व्यवसाय. या व्यवसायात ते जाणते होते. त्यांनी आणि त्या दिवशी मंडपात बसलेल्या इतर सगळ्या जाणकारांनी शिंगराचे पाय, छाती, चाल पाहिली. बाप फॉरेस्ट्री, आई मॅजिकल मास्करेड ही वंशावळ वाचली. आणि सव्वाचार लाखांवर बोली थांबवली. साडेसात महिन्यांच्या आत त्याच जनावराची किंमत 37 पटींहून अधिक झाली. वंशावळ तीच होती, हाडे तीच होती, रक्त तेच होते. घोड्यात 37 पटींनी वाढेल असे काहीही साडेसात महिन्यांत घडू शकत नाही. तेव्हा या दोन किमतींपैकी एखादी जर घोड्याचे खरे मोल सांगत असेल, तर दुसरी सांगत नव्हती, हे मान्य करावेच लागते. आणि अपयशाचा हिशेब मात्र नेहमी दुसरीच किंमत धरून केला जातो.

मधल्या काळात काय बदलले? लिलावाआधी ग्राहकांसमोर घोडे पळवून दाखवतात. त्या प्रदर्शनात या शिंगराने एक फर्लांग 9.8 सेकंदांत कापला. ताशी जवळजवळ 74 किलोमीटरचा हा वेग थक्क करणारा होता, आणि ती धाव खोटी नव्हती. प्रश्न तिच्यावरून काढलेल्या अनुमानाचा आहे. फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग. ज्या शर्यतींसाठी असे घोडे घेतले जातात त्या आठ, दहा, बारा फर्लांगांच्या असतात. 1973 च्या बेलमाँट स्टेक्समध्ये सेक्रेटेरिएटने दीड मैल 2 मिनिटे 24 सेकंदांत पार केला, तो विक्रम आजही अबाधित आहे. त्याची सरासरी काढली तर फर्लांगाला 12 सेकंद येतात. म्हणजे इतिहासातल्या सर्वांत थोर धावांपैकी एक धाव त्या प्रदर्शनातल्या वेगापेक्षा बरीच ‘हळू’ होती. तिचे थोरपण बारा फर्लांग तो वेग टिकवण्यात होते. श्वास किती पुरतो, स्नायू कधी थकतात, घोळक्यात घोडा बिचकतो का, मागून येणाऱ्या टापांना तो कसे उत्तर देतो, जॉकीने लगाम खेचून धरला तर ऐकतो का, यातले काहीही एकट्याने मारलेल्या एका फर्लांगातून कळत नाही. घड्याळाने एक खरी गोष्ट सांगितली होती. ग्राहकांनी तिच्यात न सांगितलेल्या दहा गोष्टी वाचल्या.

तरीही नुसत्या वेगाने किंमत इतकी चढली नसती. त्यासाठी मंडपात एकाच घोड्यावर अडून बसलेले दोन प्रतिस्पर्धी लागतात, आणि ते होते. एका बाजूला आयर्लंडच्या कूलमोर स्टडचे जॉन मॅग्निअर आणि त्यांचे भागीदार, दुसऱ्या बाजूला दुबईच्या शेख मोहम्मद यांची डार्ली ही पैदास-संस्था. जगातल्या थरोब्रेड पैदाशीवरचे वर्चस्व हा या दोघांमधला जुना संघर्ष. चढत्या बोलीच्या लिलावाचे गणित साधे आहे: शेवटची किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराच्या जिद्दीने ठरते. तो जिथे थांबतो तिथून एक पायरी वर हातोडा पडतो. त्या दिवशी डार्लीचा प्रतिनिधी गैरहजर असता, तर हाच घोडा, याच वेगाचा, याच वंशावळीचा, कितीतरी कमी पैशांत कूलमोरच्या पागेत गेला असता. मग आज आपण त्याला इतिहासातला सर्वांत मोठा फज्जा म्हटले असते का? तीन शर्यती धावून निवृत्त झालेले हजारो घोडे आहेत, त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या उपस्थितीने ज्याचा अर्थ पालटतो, ते अपयश घोड्याच्या अंगचे कसे मानायचे?

हे एकदाच घडलेले नाही. 1983 मध्ये केंटकीतील कीनलँडच्या जुलै लिलावात नॉर्दर्न डान्सरच्या एका शिंगरासाठी रॉबर्ट सँगस्टर यांचा गट आणि शेख मोहम्मद यांच्यात अशीच चढाओढ झाली आणि 1 कोटी 2 लाख डॉलर देऊन शेखांनी ते घेतले. कोटीचा टप्पा ओलांडणारे ते पहिले एक वर्षाचे शिंगरू. त्याचे नाव स्नाफी डान्सर. इंग्लंडमध्ये जॉन डनलॉप यांच्यासारख्या नामवंत ट्रेनरकडे तो गेला, पण एकही शर्यत धावला नाही. पुढे पैदाशीसाठी ठेवला तेव्हा प्रजननक्षमता नगण्य निघाली. त्याची एकूण चार शिंगरे जन्मली. दोन वर्षांनी, 1985 मध्ये, त्याच लिलावात निजिन्स्कीचे एक शिंगरू 1 कोटी 31 लाखांना गेले. त्याचे नाव सिअ‍ॅटल डान्सर. त्याही वेळी दोन गट हट्टाला पेटले होते, सँगस्टर यांचा आणि अमेरिकन ट्रेनर डी. वेन लुकस यांच्या पाठीशी असलेला. तीन विक्रमी बोली, आणि तिन्ही वेळा सारखीच रचना: दोन धनाढ्य पक्ष, एक जनावर आणि माघार न घेण्याची ईर्ष्या. तीन वेगवेगळ्या घोड्यांचे दोष शोधत बसण्यापेक्षा या समान कारणाकडे पाहणे अधिक तर्कशुद्ध आहे.

यावर अर्थशास्त्र जाणणारा वाचक म्हणेल की इतक्या अनुभवी व्यापाऱ्यांना केवळ हट्टाने आंधळे ठरवणे अन्यायाचे आहे. हे मला मान्य आहे. त्या बोलीमागे हिशेब होता, पण तो शर्यतीचा नव्हता. हा घोडा तीन वर्षांचा होणार होता त्या 2007 साली केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकूनही मालकाच्या पदरात तीस लाख डॉलर पडले नसते. म्हणजे स्वप्नातली सर्वांत सुंदर कारकीर्द घडली असती, तरी निव्वळ बक्षिसांतून किमतीचा पाचवा भागही वसूल होत नव्हता. पैसा होता पैदाशीत. फॉरेस्ट्रीचा बाप, म्हणजे या शिंगराचा आजा, स्टॉर्म कॅट. त्याच्याकडून एक घोडी फळवण्याची फी त्या काळात 5 लाख डॉलर होती. थरोब्रेडच्या नोंदणीत कृत्रिम रेतनाला मनाई आहे, प्रत्येक घोडी प्रत्यक्षच दाखवावी लागते, त्यामुळे स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीच्या नराची, उपलब्धता मर्यादित राहते आणि नामांकिताची फी गगनाला भिडते. मोठी फी घेणाऱ्या घोड्याने एका हंगामात शंभर घोड्या फळवल्या तर कूलमोरची गुंतवणूक एकदोन वर्षांत सुटली असती. तेव्हा 1 कोटी 60 लाख हे उद्याच्या स्टॉर्म कॅटवर लावलेल्या पैजेचे मोल होते. अशा शंभर पैजांतल्या बहुतेक हरतात आणि एखादी सगळ्यांचे पैसे भरून काढते, हे कूलमोरला पक्के ठाऊक होते. त्यांचा सारा धंदाच या गणितावर उभा आहे. पैज लावणाऱ्याने जो धोका डोळे उघडे ठेवून पत्करला, त्याचा विश्वासघात घोड्याने केला असे म्हणायला आधार उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. किंमत ही माहिती आहे, तिच्यात शेकडो जाणकारांचे निरीक्षण साठवलेले असते, आणि महाग घोडे सरासरीने स्वस्त घोड्यांपेक्षा चांगलेच धावतात, असे अनेक जण म्हणतात. उदाहरणेही आहेत. 1990 मध्ये 29 लाख डॉलरला विकला गेलेला ए. पी. इंडी 1992 चा बेलमाँट स्टेक्स आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकून त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा ठरला. 40 लाखांच्या फुसाइची पेगासस याने 2000 ची केंटकी डर्बी जिंकली. उलट बाजूने 17,500 डॉलरच्या सिअ‍ॅटल स्लूचे किंवा 1,100 डॉलरच्या जॉन हेन्रीचे नाव फेकून हा वाद जिंकता येणार नाही. सिअ‍ॅटल स्लू 1977 मध्ये तिहेरी मुकुट, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच तीन शर्यती, जिंकला आणि जॉन हेन्रीने 65 लाख डॉलरहून अधिक कमावले, हे खरे. पण अमेरिकेत त्या काळी दरसाल हजारो स्वस्त शिंगरे जन्मत होती, त्यांतले एखादे चमकणारच. निवडक दाखले देऊन किंमत निरर्थक आहे असे सिद्ध होत नाही, आणि माझा तसा दावाही नाही. माझा दावा मर्यादित आहे: सर्वसाधारण पातळीवर किंमत काही सांगते, पण शिखराजवळ ती जवळजवळ काहीच अधिक सांगत नाही. पाच लाखांच्या घोड्यापेक्षा दीड कोटीचा घोडा तीसपट चांगला असण्याची शक्यता जीवशास्त्रात नाही. एडिंबरो विद्यापीठातील अ‍ॅलेस्टर विल्सन आणि अँड्र्यू रॅम्बॉ यांनी 2008 मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात याच प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोड्याच्या आयुष्यभराच्या बक्षीस-कमाईत आनुवंशिकतेचा वाटा आहे, असे त्यांना आढळले, पण तो लहान आहे. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की स्टॅलियनची फी ही त्याच्या जनुकीय गुणवत्तेची प्रामाणिक खूण नाही. चांगले गुण रक्तात असतात, परंतु बाजारातला दर ते कुठे आहेत हे विश्वासाने दाखवत नाही. बाकीचा मोठा वाटा संगोपन, खाद्य, ट्रेनर, जॉकी, मैदान, दुखापत आणि नशीब यांचा. ग्रीन मंकीलाही मागच्या बाजूच्या स्नायूची दुखापत झाली होती आणि विक्रीनंतर दीड वर्षाहून अधिक काळ गेल्यावर, सप्टेंबर 2007 मध्ये, तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. हे यादीकार क्वचितच सांगतात.

‘अपयशी’ हा शिक्का किती पोकळ आहे हे पाहायचे तर सिअ‍ॅटल डान्सरचे उदाहरण निर्णायक आहे. व्हिन्सेंट ओ’ब्रायन यांच्यासारख्या श्रेष्ठ ट्रेनरच्या हाताखाली तो 1987 मध्ये पाच शर्यती धावला. त्यांतल्या दोन, आयर्लंडमधल्या ग्रुप दर्जाच्या, म्हणजे वरच्या श्रेणीच्या शर्यती, त्याने जिंकल्या आणि फ्रान्समधल्या ग्राँ प्री द पारीमध्ये तो दुसरा आला. पुढे त्याची मुलगी पाइक प्लेस डान्सर 1996 ची केंटकी ओक्स जिंकली. जगातल्या बहुसंख्य थरोब्रेडना ग्रुप दर्जाच्या एका विजयाचीही चव मिळत नाही. पन्नास हजार डॉलरला घेतलेल्या घोड्याने एवढे केले असते तर मालकाने त्याची तसबीर दिवाणखान्यात लावली असती. पण सिअ‍ॅटल डान्सरही त्याच यादीत बसवला जातो. एखाद्या खेळाडूची कामगिरी जशीच्या तशी ठेवून केवळ त्याच्यावर खर्च झालेली रक्कम बदलली आणि गौरवाचा अपमान झाला, तर आपण मोजतो आहोत ती कामगिरी नव्हे, ती रक्कम.

यापुढचा आक्षेप व्यवहारी आहे: पैसा अब्जाधीशांचा, बुडाला तर त्यांचा बुडाला, आणि घोड्याला अपयशी म्हटल्याने त्याला काय कळते? नुकसान खरोखर तेवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण एका फर्लांगाच्या वेळेवर कोट्यवधी मिळू शकतात हे दिसले की त्या लिलावात जनावर आणणारा प्रत्येक लहानमोठा विक्रेता ती वेळ काढण्याच्या मागे लागतो. ग्रीन मंकी फेब्रुवारी 2004 मध्ये जन्मला, 9.8 सेकंदांची धाव मारली तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस 1 जानेवारीला मानतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये जन्मलेली शिंगरे याहूनही लहान वयात त्याच घड्याळापुढे उभी केली जातात. या वयात पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढ-पट्टी पूर्ण मिटलेली नसते आणि कण्याची वाढ तर आणखी काही वर्षे चालू असते. लहान वयातला व्यायाम हाडे बळकट करतो, असे पशुवैद्यकीय संशोधन सांगते, आणि ते खरे आहे. परंतु टप्प्याटप्प्याने वाढवलेला, मोजून दिलेला व्यायाम वेगळा आणि ग्राहकाला भुलवण्यासाठी एकदाच सारी ताकद पणाला लावून मारलेली धाव वेगळी. पहिल्याच्या फायद्याने दुसरीचे समर्थन होत नाही. जेव्हा एखादा विक्रमी घोडा पुढे चालत नाही, तेव्हा या पद्धतीची चौकशी व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण सगळ्यांना सोपे उत्तर मिळाले होते: घोडाच कुचकामी निघाला.

आणि शब्दांचा परिणाम जनावरावर होत नाही हेही खरे नाही. शब्द त्याला कळत नसतील, बाजाराला कळतात. फर्डिनंड या घोड्याने 1986 ची केंटकी डर्बी आणि 1987 चा ब्रीडर्स कप क्लासिक जिंकला. 1987 चा तो अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा होता. मैदानावर त्याने मिळवायचे काहीच बाकी ठेवले नव्हते. पैदाशीत मात्र त्याची शिंगरे चमकली नाहीत, म्हणून त्याला जपानला विकले, तिथेही मागणी आटली, आणि 2002 मध्ये त्याची कत्तल झाल्याचे पुढच्या वर्षी उघडकीस आले. ज्याने सर्व अपेक्षा पुऱ्या केल्या होत्या, त्याला पुढची अपेक्षा पुरी न केल्याबद्दल ही किंमत मोजावी लागली. ग्रीन मंकीचे नशीब त्या मानाने बरे. 2008 मध्ये निवृत्त झाल्यावर फ्लोरिडात त्याला स्टॅलियन म्हणून ठेवले, फी होती अवघी 5,000 डॉलर. खुरांच्या लॅमिनायटिस या वेदनादायक आजारामुळे 2018 मध्ये त्याला दयामरण देण्यात आले. त्याच्या नावाची जगभर चर्चा होती म्हणून तो हरवला नाही. बिनचर्चेचा घोडा ‘फसला’ की कुठे जातो, हे पाहायला कुणी जात नाही.

शर्यतीत न चाललेल्या घोड्याचे मोल शून्य असते, या समजुतीला आपल्या पुण्यानेच सर्वांत ठोस उत्तर दिलेले आहे. पूनावाला स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला प्रतिविष आणि लशीसंबंधीच्या सीरमसाठी दिले जात. घोड्याच्या रक्तातून धनुर्वात, सर्पदंश यांवरचे सीरम तयार होते. हा व्यवहार पाहूनच सायरस पूनावाला यांना स्वतः सीरम बनवण्याची कल्पना सुचली आणि 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. ज्या घोड्यांना महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आता कुणी पैसा लावला नसता, त्यांच्या रक्ताने माणसांचे जीव वाचवले. घोड्यांच्या बाजूने हा व्यवहार निर्दोष होता असे मी म्हणत नाही. त्यांची संमती कुणी विचारली नव्हती. पण एवढे तरी यातून सिद्ध होते की जनावराचे मोल त्याच्यावर लागलेल्या बोलीशी बांधलेले नसते.

शर्यतींच्या जगाने आपला हिशेब दुरुस्त करायला हवा, आणि तो दुरुस्त करणे अवघड नाही. लिलावाआधीच्या धावांत सेकंदाच्या दहाव्या भागांना जाहिरातीत मान देणे थांबवावे. घोडा कसा चालतो, कसा श्वास घेतो, पशुवैद्यकीय तपासणीत काय दिसते, यावर त्याची पारख व्हावी. दोन वर्षांच्या शिंगरांना पूर्ण वेगाने पळवण्याला किमान वयाची प्रत्यक्ष जन्मतारखेनुसार मर्यादा घालावी, 1 जानेवारीच्या सोयीच्या वाढदिवसानुसार नव्हे. पैदाशीच्या पैजेतून नफा घेणाऱ्यांनी पैज हरल्यावर त्या जनावराच्या उरलेल्या आयुष्याची जबाबदारीही घ्यावी. आणि लिहिणाऱ्यांनी, विशेषतः आपण मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांनी, महागड्या घोड्याचा फज्जा सांगताना त्याच वाक्यात बोली कुणी लावली, कशासाठी लावली आणि कुणाशी झुंजत लावली हे सांगावे. ग्रीन मंकीने कुणाला कसलेही वचन दिले नव्हते. दोन वर्षांचा असताना तो एक फर्लांग अप्रतिम धावला. त्यापलीकडचे सारे माणसांनी त्याच्या नावावर लिहिले. इतिहासात जर कुणाच्या नावापुढे अपयश हा शब्द लिहायचाच असेल, तर तो त्या बोलीपुढे लिहावा आणि घोड्याचे नाव तिथून खोडावे.